आडाच्या दोरावरची औंदाची गाठ

इंदापूरच्या मामलेदार कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी अर्ज लिहीत असे. शिक्षण मराठी पाचवीपर्यंतचे. परंतु माझ्या मजकुरात फेरफार करण्याची गरज कोणत्याही कारकुनास सहसा भासली नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, पाडवा होऊन आठवडा लोटला असता, कालव्याच्या शेवटच्या फाट्यापलीकडच्या गावचे एक वृद्ध शेतकरी आले. त्यांनी खांद्यावरचा दोर माझ्या लिहिण्याच्या पेटीवर ठेवला.

"ह्यो आमच्या गावच्या आडाचा दोर. पाडव्याला दगड बांधून सोडायचा, पान्याला टेकला की काठापाशी गाठ मारायची. बापापासनं चाललंय." त्यांचे बोट एका काळ्या पडलेल्या गाठीवर थांबले. "ह्या वर्साच्या दुस्काळात आख्खं गाव उठून गेलं हुतं. मी तवा आईच्या कडंवर."

बोट दगडाच्या टोकापासून आणखी दूर सरकले. दीड हात कोरा दोर, आणि मग एक ताजी गाठ.

"ही औंदाची. आखाडाच्या आत आड आटतोय. कालव्याचं पानी चार दिस ओढ्यात सोडलं, तर पाझर फुटंल. एवढंच लिवा. आन् ह्या गाठी लिवा."

"आबा, सरकार दोर वाचत नाही. सरकारला भाषा लागते."

"भाषा तुमची घाला, भाऊसाहेब. पन गाठ माजी ऱ्हाऊ द्या."

मी ती राहू दिली नाही. दोन ताव भरले. निव्वळ रडगाणे सरकारदरबारी शोभत नाही, म्हणून पंचांग उघडले. मृगाचे वाहन हत्ती निघाले, म्हणजे पाऊस भरपूर. तेव्हा शेवटी लिहिले : 'यंदा पर्जन्यमान उत्तम होण्याचा योग असल्याने सदर मागणी अल्प मुदतीचीच आहे.' अर्ज वाचून दाखवला.

"हत्ती कशाला आनला मधीच?" आबांनी विचारले. "हत्ती पानी प्यायला यील, द्यायला न्हाय!"

मी हसलो, व त्यांचा अंगठा घेतला.

वैशाखात बारामतीकडचे गाडीवान सांगू लागले, की नीरेच्या पात्रातून गाडी नेली तरी चाक ओले होत नाही. लिंबाखाली गर्दी वाढली. सर्वांची तक्रार एकच. ज्येष्ठ लागला आणि आबा उत्तराचा कागद घेऊन आले. मी वाचला : अर्जदारांच्याच म्हणण्यानुसार उत्तम पावसाची अपेक्षा असल्याने, तूर्त पाणी सोडण्याचे प्रयोजन दिसत नाही.

शब्द माझेच होते. कोणी त्यात फेरफार केला नव्हता.

"आला म्हना की हत्ती," आबा म्हणाले. दोर आजही खांद्यावर होता. टोकाच्या दगडावर पांढरी धूळ बसली होती. "आता दगड टेकत न्हाय. वाजतो."

मी घाईने नवा ताव घेतला. चारच ओळी लिहिल्या. त्यांत केवळ गाठी होत्या. शाई पुढे केली.

"कुनाचा अंगठा घेताय? गाव सकाळीच गुरं घिऊन भीमंकडं निघालं. मी दोर द्यायला आलतो. तुमास्नी लागंल."

दोर पेटीवर ठेवून ते उठले आणि भरउन्हात हमरस्त्याने चालू लागले.

मृग निघाला त्या दिवशी आकाश निरभ्र होते. मी कचेरीमागच्या विहिरीत तो दोर सोडला. दगड पाण्याला टेकला तेव्हा माझ्या मुठीत ती काळी गाठ होती.