बोरीखालची कबर

मुनिबा माझी सख्खी धाकटी बहीण. मी यहया, जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर, शिक्षण नववी. ती डॉक्टर मुनिबा, पण इंजेक्शनवाली नाही, पुरातत्त्ववाली. हा शब्द आता मी न अडखळता बोलतो. रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्यात एवढी शिकलेली दुसरी पोरगी दाखवा, मी मिशी काढतो. आणि तिला शिकवलं कोणी, तेही विचारा.

ती असते हत्ताच्या डोंगरात, दुबईचाच भाग, पण पार ओमानच्या सरहद्दीवर. गावामागं सरकारची राखीव जमीन आहे. तिची टीम त्याला फॉरेस्ट म्हणते. कोकणातला माणूस बघेल तर हसेल. नुसता काळा तपकिरी दगड, आणि मधेमधे काटेरी झाडं. त्यात बोरी मात्र पुष्कळ. इकडं सिद्र म्हणतात, पण आपलीच बोर. तिथं उतारावर चार हजार वर्षांपूर्वीच्या कबरी आहेत. गोल, दगडाच्या. त्या खोलून आत कोण होता, काय खात होता, कितव्या वर्षी गेला, हे माझी बहीण सांगते.

शारजाला रोल्लामध्ये आमच्या चहाच्या हॉटेलात मी हे रोज सांगतो. अन्वर म्हणून माझा दोस्त आहे, टेलर. तो म्हणतो, उकरते ती आणि दमतोस तू. सोनं किती निघालं, असंही विचारतो. मी म्हणतो, सोनं काढायला सोनार लागतो, माणूस काढायला मुनिबा.

गेल्या जानेवारीत अम्मा व्हिजिट व्हिसावर आली. मरियमबी, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. दुबई बघायला नाही आली. मॉलमध्ये नेलं तर बाकावर बसून राहिली. तिला एकच बघायचं होतं, आमच्या अब्बांची कबर.

अब्बा इथेच हत्ताच्या डोंगरात खडीचा ट्रक चालवायचे. सत्त्याण्णव साली सकाळी स्टेअरिंगवरच गेले. त्याच दिवशी दफन झालं, गावाला फोन दुसऱ्या दिवशी आला. मी पंधराचा, मुनिबा चार वर्षांची. मी शाळा सोडली ती तेव्हा. पुढं गल्फला आलो, पहिल्या सुट्टीत ते कबरस्तान शोधलं. डोंगराच्या पायथ्याला कमरेएवढी भिंत, आत कबरी, नाव एकीवरही नाही. ओळखणारं कोणी नाही. तासभर फिरलो. मग फोनबूथवर गेलो. कार्ड संपत आलं होतं, पलीकडं अम्मा रडत होती, मिळाली का, मिळाली का. मी म्हटलं, मिळाली, बोरीच्या झाडाखाली आहे, सावली आहे.

बावीस वर्षं अम्मा त्या बोरीवर जगली. दर फोनला विचारायची, बोरीला फळ आलं का, फांदी कबरीवर पडत नाही ना. मीही दर ईदला जाऊन फातिहा वाचत होतो. एवढी वर्षं एकाच दगडासमोर उभं राहिलं की माणसाला तो आपलाच वाटतो. माझ्यापुरती ती अब्बांचीच कबर झाली होती.

मुनिबा तीन सीझन हत्तात आहे. दिवसभर कबरीत बसणारी बाई, पण अब्बांच्या कबरस्तानात तिनं पाय ठेवलेला नव्हता. आमच्याकडं बायका आत जात नाहीत. भिंतीबाहेर उभी राहून, लांबच्या कोपऱ्यातल्या बोरीकडं बघून दुवा मागायची. मी एकदा म्हटलं, तू एवढी शिकलेली, तुला काय त्याचं. म्हणाली, "ती माझी साइट नाही भाई, तिथं मी मुलगी आहे."

अम्माला शुक्रवारी न्यायचं ठरलं. शुक्रवारी साइट बंद असते. गुरुवारी पहाटेच मी तिला गाडीनं हत्ताला आणलं, मुनिबाच्या खोलीवर झोपवलं आणि साइटवर गेलो. सातला काम चालू झालेलं. माझी बहीण पालथी पडून, गवंड्याच्या थापीपेक्षा लहान थापीनं मातीचा पापुद्रा काढत होती. थोडी माती निघाली की ब्रश, मग फोटो, मग कागदावर दगडाचं चित्र, प्रत्येक दगडाला नंबर. काढलेली माती चाळणीतून. मी दोन तास बघितलं, तेवढ्यात तळहाताएवढी जागा खाली गेली. माझ्या गोदामात दोन तासांत चार कंटेनर खाली होतात. तिला म्हटलं तर हसली. म्हणाली, घाई केली की जे होतं ते नाही, जे आपल्याला हवं ते दिसतं.

दुपारी साफसफाई करायला कबरस्तानात गेलो. अम्मा यायच्या आधी बोरीखाली झाडझूड करायची होती. मी आत, मुनिबा भिंतीबाहेर. झुडूप वाढलं होतं, ते सगळं कापलं, पालापाचोळा ओढला. डोक्याकडचा दगड, पायाकडचा दगड, दोन्ही मोकळे झाले. मी कौतुकानं तिच्याकडं बघितलं. ती भिंतीवर दोन्ही हात ठेवून त्या दोन दगडांकडं बघत होती.

मग म्हणाली, "भाई, त्या दोन दगडांमधे पावलाला पाऊल लावून चाल."

माझं पाऊल बुटासकट बरोबर एक फूट. चाललो. साडेतीन भरलं.

"अब्बा केवढे होते?"

अब्बा घरात शिरताना वाकायचे. हे मला आठवतं, तिला नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो. गोदामात मालाच्या पॅलेटची उंची मी नजरेनं सांगतो, टेप लावला तर इंचाचा फरक नाही निघत. आणि बावीस वर्षं मी एका लहान मुलाच्या कबरीपुढं उभा होतो.

सगळं सांगितलं तिला. कार्ड संपत होतं तेही. वाटलं, रागावेल. ती वही काढत होती. म्हणाली, मला अजून एक तास उजेड आहे, तू चालत राहा, मी सांगते तसं.

मग माझ्या बहिणीनं भिंतीबाहेरून ते कबरस्तान वाचलं. मी आत तिचा मजूर. डावीकडं जा भाई, वाक, दगड कसला आहे. डोंगराचा ओबडधोबड, की सिमेंटचा ब्लॉक. मापं सांग. मी ओरडून सांगत होतो, ती लिहीत होती. सांजेला तिनं वही मला दाखवली. बोरीकडच्या सगळ्या जुन्या, डोंगरी दगडाच्या. खडीचा क्रशर आल्यावर सिमेंटचे ब्लॉक लावायला लागले, आणि फाटकाजवळच्या नव्या कबरींना नंबरच्या पट्ट्या, त्यांवर सालं दोन हजारनंतरची. म्हणजे अब्बा मधल्या रांगांत. बिनपट्टीच्या ब्लॉकवाल्या अकरा. त्यातल्या चार आखूड. राहिल्या सात.

"सातांतली कुठली?" मी विचारलं.

"ह्याच्या पुढं माझी विद्या जात नाही."

मी म्हटलं, तू एक ठरव. तुझ्यासारखीनं बोट दाखवलं तर दुनिया मानेल, अम्मा का नाही मानणार. चार हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतेस, आपला बाप सांगता येत नाही? तिचे डोळे भरले. अब्बांचा एक फोटो सोडला तर तिच्याकडं काही नाही, ना आवाज, ना चाल. एवढ्या लोकांच्या कबरी तिनं कशासाठी उघडल्या, ते मला त्या भिंतीपाशी थोडं कळलं. खरं तर तिलाच सर्वांत जास्त हवं होतं की एक दगड मिळावा.

तरी म्हणाली, "माहीत नाही तिथं मी माहीत नाही असंच लिहिते. बोरीचं तू सांगितलंस, तूच बघ. मी मधे बोलणार नाही. पण अम्मानं मला विचारलं तर खोटं सांगणार नाही."

खोलीवर गेलो तर अम्मा उद्याची ओढणी इस्त्री करून बसली होती. मला म्हणाली, बोरं मिळाली तर चार घेऊन जाऊ, मोहल्ल्यात वाटीन. मी जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गाडी भिंतीला लावली. अम्मा मुनिबाच्या खांद्याला धरून उतरली आणि भिंतीशी उभी राहिली. बोरीकडं बघून तिचे ओठ हलायला लागले. मी म्हटलं, अम्मा थांब. आणि सांगितलं. ते मूल, ते साडेतीन फूट, सगळं.

अम्मानं बोरीवरची नजर काढून घेतली. मला वाटलं, खाली बसेल. तिनं मुनिबाला विचारलं, "सात कुठल्या?"

मुनिबानं वही उघडली. मी आत गेलो. ती नंबर सांगायची, मी त्या कबरीपाशी जाऊन हात वर करायचो, अम्मा सलाम करून फातिहा वाचायची. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी मी हात वर केला, तर अम्मा वाचेना. तशीच मान लांबवून बघत राहिली.

"यहया," ती म्हणाली, "बाजूला हो बाबा. बावीस वर्षं तुझ्या डोळ्यांनी बघितलं, आता माझं मला बघू दे."

मी बाजूला झालो.