‘आती हूँ’ म्हणाले आणि निघाले

अमरावतीची पहिलीवहिली नोकरी सोडली, तेव्हा हातात मोकळा वेळ होता आणि डोक्यात लुंबिनी. तेल्हाऱ्याला घरी सांगितलं, तर आई म्हणाली, “एकटी काहून जाऊन राहिली वं? थ्या देशात कोन हाय आपलं?” कोणी नव्हतं. म्हणूनच जायचं होतं.

अकोल्याहून भुसावळ, तिथून रेल्वेनं गोरखपूर, पुढे सोनौलीची बस. तिथून नेपाळची सीमा पायी ओलांडता येते. ओळखपत्र आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटा पाहून दुकानदार कुरकुरतात.

पलीकडे तासभर चालल्यावर एका वीटभट्टीशेजारी चहाला थांबले. मजुरांची पोरं कच्च्या विटा उलटत होती. त्यातली सात वर्षांची फुलमती माझ्या वहीत डोकावून म्हणाली, “हमार नाम लिखो.” लिहिलं. मग सगळ्यांचीच लिहावी लागली. लुंबिनी राहिली बाजूला! अकरा दिवस मी टपरीवाल्या चाचींच्या ओसरीवर पाट्या-खडू घेऊन बसले. राहणं-जेवण त्यांच्याकडेच, दिवसाला तीनशे. आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं. हवेतच होते, खोटं कशाला बोलू?

निघताना फुलमतीनं विचारलं, “जा रही हो?” निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सवयीनं म्हटलं, “आती हूँ.”

तिसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून तेल्हाऱ्याच्या एसटीत बसले, तोच चाचींचा फोन. “बिटिया, फुलमती तुम्हरे साथ है का?” पोर पहाटेपासून दिसत नव्हती. फोनमध्ये त्यांच्या मागून एक पुरुष ओरडला, “पूछो, कहाँ बेचा उसको!”

सीमेवरून पोरी पळवतात, हे मलाही ठाऊक होतं. परकी बाई येते, पोरांना लळा लावते, निघून जाते आणि पोर गायब. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. शपथा घेत होते, तेवढ्यात रेंज गेली. शेजारची बाई विचारत राहिली, “काय झालं वं माय? काहून रडून राहिली?” मी पुन्हा पुन्हा चाचींचा नंबर लावत होते.

घरी पोचल्यावर फोन समोर ठेवून बसले. आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. चार वाजता चाचींचा फोन आला. फुलमती सीमेच्या फाटकाशी सापडली, पाटी मांडीवर घेऊन बसलेली. दोन दिवस तिनं टपरीवर वाट पाहिली आणि आज ‘दीदी को लेने’ एकटीच निघाली.

“तुमही तो बोली थी, आती हूँ,” चाची कोरडेपणानं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ढसाढसा रडले. मग आईला समजावलं, “अगं, तिकडे ‘येते’ म्हणजे खरंच येते.”

आई ताट उचलता उचलता थांबली. “मंग आपल्याकडं काय खोटंच म्हनतेत?”

परवाचं गोरखपूरचं तिकीट काढलंय. आईनं फुलमतीसाठी शेंगदाण्याचे लाडू केलेत. पावसाळ्याआधी भट्टी बंद होईल, तोवर तिथंच राहीन. पण शेवटी निघताना त्या पोरीला काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.