तिरपीचा चाकू

आपल्या हातून आयुष्यात एकही पुठ्ठा तिरपा कापला गेला नाही, असं बाइंडर छातीठोकपणे सांगायचा आणि ते बरंचसं खरंही होतं. त्याच्याच पोटी अशी मुलगी यावी, जिला पट्टी धरूनही सरळ रेघेत कापता येऊ नये, याला काय म्हणावं? तो म्हणायचा, "नशीब." त्याची बायको म्हणायची, "सगळंच कसं तुमच्यावर जाईल?"

घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. आत शिरलं की खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकून ठेवलेले पुठ्ठे आणि कोपऱ्यातल्या शिकंज्यात आवळून धरलेली वाचनालयाची पुस्तकं. लोकांनी वाचून वाचून त्यांची पार दैना केलेली. खिडकीशी टेबल, टेबलावर लोखंडी पट्टी आणि सुरी. सुरी त्याच्या वडिलांची. रोज सकाळी दार उघडलं की चहाच्याही आधी तो तिला दगडावर धार लावायचा. धार एकाच बाजूनं. दुसरी बाजू अगदी सपाट ठेवायची, म्हणजे ती पट्टीला घट्ट चिकटून धावते आणि रेघ हलत नाही. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं आणि तो ते झोपेतही करू शकला असता.

मुलगी डावखुरी. लहानपणी नातेवाइकांनी तिचा हात बदलायचा घाट घातला, तेव्हा हाच बाप आडवा आला होता. "हात तिचा आहे, तुमचा नाही," असं त्यानं सख्ख्या आत्याला सुनावलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. पुढे मोठ्या हौसेनं त्यानं तिच्या हातात सुरी दिली. सुरी पट्टी सोडून भलतीकडेच गेली. पुन्हा दिली, पुन्हा गेली.

"बाबा, सुरीच पळते," मुलगी म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो हसत म्हणाला आणि लाडानं तिला 'तिरपी' म्हणू लागला.

नाव कसलं ते, चिकटलं की खळीनं चिकटवल्यासारखं. आईच्या तोंडी बसलं, गल्लीत गेलं, शेजारच्या शिंप्याची पोरंही तेच म्हणू लागली. आधी मुलगीही हसायची. मग ती टेबलाजवळ येईनाशी झाली. पाहुण्यांना पाणी दे म्हटलं तर म्हणायची, "मी नको, माझ्याकडून सांडेल." बाइंडरला हे दिसत नव्हतं असं नाही. पण आपल्यामागे हे टेबल कोण चालवणार, या दुःखात तो इतका बुडाला होता, की तिचं दुःख त्याच्या लेखी फुटकळ होतं.

म्हणून शाळेच्या शिबिराला जायच्या आधी तिनं खिशात ठेवायचा चाकू मागितला, तेव्हा घरात सगळेच गार पडले. फांद्या तासायला, दोरी कापायला ज्यांना हवा त्यांनी छोटा चाकू आणावा, असं बाईंनी सांगितलं होतं.

"हिच्या हातात चाकू?" आई म्हणाली. "अहो, जाताना बोटं मोजून पाठवा, आल्यावर मोजून घ्या."

बाइंडरनं मनाशी एक युक्ती योजली. बोथट, गोल टोकाचा, खेळण्यातला म्हणावा असा चाकू घ्यायचा. पोरीचं मनही राहील, बोटंही राहतील.

तिला घेऊन दुकानाकडे जाताना वाटेत त्यानं विचारलं, "सगळ्याजणी नेतायत का गं चाकू?"

"नाही."

"मग तुलाच कशाला हवा?"

"तिथं मला कोणी तिरपी म्हणणार नाही. कोणी बघत नसताना शिकेन म्हटलं."

बाइंडर उगाचच खोकला.

खिळे, कुलपं, बिजागऱ्या विकणाऱ्या काकूंनी काउंटरवर तीन चाकू मांडले. एक गोल टोकाचा. दुसऱ्यात चमचा होता, पेचकस होता, कान कोरायचीही सोय होती. चाकू तेवढा नावापुरता. तिसरा साधा, लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा. मुलीची नजर त्या तिसऱ्यावर.

"तो फार धारदार आहे," बाइंडर म्हणाला. तरी ती हलेना. मग त्यानं काकूंकडून खोक्याचा पुठ्ठा आणि पट्टी मागून घेतली. "याच्यावर एक रेघ कापून दाखव. सरळ आली तर हाच घेऊ." येणार नाही याची त्याला खात्री होती. बाप असून त्यानं लेकीला हरायला बसवलं होतं.

तिनं चाकू डाव्या हातात धरला, जीभ दातांत धरली आणि ओढला. रेघ सरळ आली.

त्याला वाटलं, लागला एखादा डाव. "परत," तो म्हणाला. परत सरळ.

सवयीनं त्यानं पातं उजेडाकडे धरून पाहिलं. धार दोन्ही बाजूंनी सारखी. मग त्यानं तो चाकू आपल्या डाव्या हातात घेतला, पट्टीला लावला आणि त्या जागी घरची सुरी कशी बसेल ते डोळ्यांसमोर आणलं. सपाट बाजू बाहेर. पट्टीला लागते ती उताराची बाजू. ती पट्टीवर टिकणारच नाही, घसरणार. पळणार.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिचा हात बदलू नका म्हणून जगाशी भांडला, पण तिच्या हातात दिली ती आपल्या उजव्या हाताची सुरी. रोज सकाळी चहाच्याही आधी तो मोठ्या प्रेमानं त्या सुरीला तिच्याविरुद्ध धार लावत होता. त्याला भर दुकानात रडू यायला लागलं.

"महाग वाटतोय का, भाऊ?" काकूंनी विचारलं.

"नाही, काकू. हाच द्या."

घरी येऊन त्यानं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. कप्प्यातून दुसरी जुनी सुरी काढली आणि दगड ओला करून तिला उलट बाजूनं घासायला बसला. सपाट होती तिथं उतार, उतार होता तिथं सपाट. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. दिवे लागले तेव्हा कुठे सुरी त्याच्या मनासारखी झाली. त्यानं टेबलावर पुठ्ठा ठेवला, पट्टी ठेवली आणि बाजूला झाला.

सुरी पट्टीला चिकटून खालपर्यंत गेली.

मुलीनं पट्टी उचलून ती कड पुन्हा पुन्हा पाहिली. "बाबा, म्हणजे सुरीच पळत होती?"

"सुरीच पळत होती, बाळा. अंगणच वाकडं होतं. मीच करून ठेवलं होतं."

आतून आईची हाक आली. "चला जेवायला. तिरपे, हात धुऊन घे गं."

बाइंडरनं मान वळवली. "त्या नावाचं या घरात कोणी राहत नाही," तो म्हणाला.

आई पदराला हात पुसत दाराशी आली. मुलगी मान वर न करता दुसऱ्या पुठ्ठ्यावर पट्टी लावत होती.