हेल्मेटचा पट्टा
हेल्मेटचा पट्टा टक्कन लागल्याचा आवाज आला की मला कुंडलचा आमचा उसाचा मळा आठवतो. आमचे हे फौजेतून सुट्टीवर आले होते आणि पाचगणीत पर्यटकांना फिरवणारी जुनी, चार जाड चाकांची एटीव्ही त्यांनी शेतात फिरायला विकत आणली होती. "हेल्मेट घातल्याबिगर पोरीला बसवणार न्हाई, तिची शप्पत," असं मला म्हणाले होते. सहा वर्षांची लेक रोज गुलाबी हेल्मेट घालूनच घरी यायची, म्हणून मी निर्धास्त होते. एकदा वैरण काढायला उसात शिरले, तर समोरच्या वाटेनं धुरळा उडवत गाडी आली. लेक पुढं टाकीवर, केस वाऱ्यावर, हेल्मेट हँडलला लटकलेलं. घराच्या वळणावर यांनी गाडी थांबवली, हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीला चिमटा बसू नये म्हणून मधे बोट धरून पट्टा लावला. "आईला काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. "घालूनच गेल्तो," ती हसत म्हणाली. मी विळा हातात धरून तशीच उभी राहिले. आता ती स्कूटीवरून कॉलेजला जाते. संध्याकाळी स्कूटी फाटकाबाहेर जरा थांबते, आणि मग मला तो आवाज ऐकू येतो.