चाळीस टक्के

सुरतेतल्या भेस्तानच्या मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं धुळे-नंदुरबारकडून आलेल्या मिल कामगारांची. शेकडेवारी त्यांना जड जाते, म्हणून मी आधी अंदाज करायला लावते. सव्वीस टक्के म्हणजे पाव धरा, अठ्ठेचाळीस म्हणजे निम्मं.

त्या दिवशी कधीच हात वर न करणारी एक मुलगी उभी राहिली.

"बाई, चाळीस टक्के म्हणजे किती?"

मला बरं वाटलं. फळ्यावर आडवी पट्टी काढून मी म्हटलं, "तूच सांग. निम्म्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"आणि तिसऱ्या हिश्श्याच्या?"

"थोडं पुढे. म्हणजे निम्म्यापेक्षा कमी." तिचा चेहरा सैल झाला. "मग पप्पा बरे होतील."

तिचे वडील कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. आदल्या संध्याकाळी तिथे वाफेचा पाइप फुटला. चाळीस टक्के भाजलंय, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. ते किती, हे घरात कुणालाच कळेना, म्हणून ही शाळेत विचारायला आली होती.

शाळा सुटल्यावर तिच्यासोबत मी सरकारी दवाखान्यात गेले. रिक्षात ती म्हणाली, "साठ टक्के तर चांगलेच आहेत ना, बाई?"

आई वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. मला पाहून उठली. "पोर म्हनस, निम्मापेक्षा कमी शे. मंग बरं शे ना, बाई?"

मी आत जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते हिंदीत, हळू आवाजात बोलले. रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे साधारण एक टक्का, असा डॉक्टरांचा हिशोब. असे चाळीस तळहात कातडी गेली होती. शिवाय गरम वाफ छातीत गेली होती. भाजण्यात इतकं म्हणजे फार झालं, म्हणाले, आम्ही प्रयत्न करतोय.

मी बाहेर आले. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"जखम मोठी आहे, ताई," मी म्हटलं. "डॉक्टर प्रयत्न करताहेत."

"पन निम्मापेक्षा कमी शे ना?" आईने माझं मनगट घट्ट धरलं. गणित बरोबर होतं. मी "हो" म्हटलं आणि मला तिथे उभंच राहवेना.

आठवडा उलटायच्या आत तिचे वडील गेले.

वर्गात तो धडा मला पुढे नेता येईना. शेवटी शेजारच्या वर्गावरच्या सरांना सांगून तो त्यांच्याकडून पुरा करून घेतला.

तेराव्यानंतर तिचे काका शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. ती दारातच थांबली होती. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला जवळ घेतलं, पण तिचं अंग ताठच राहिलं. दुपारच्या गाडीने ते सगळे नंदुरबारला निघून गेले.