चारच द्या

"चारच द्या की, पावणं. जास्त नकोत."

संपलेल्या पाकिटाचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवायचा, त्यावर बोट आपटायचं आणि एवढंच म्हणायचं. शाहूपुरीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात हे मी कितीतरी वर्षं ऐकलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, डॉक्टरलाच शहाणपण शिकवणारं. आमच्या अक्का त्यातल्या. हुपरीच्या एका कारखान्यात त्या पैंजण करायच्या आणि माल पोचवायला एसटीनं कोल्हापूरला यायच्या. जाताना माझ्याकडं चक्कर ठरलेली.

दुखणं एकच, लघवीला जळजळ. बाई ते लपवायची नाही. चार पुरुष उभे असताना ठणठणीत आवाजात सांगायची, "पावणं, परत जळाय लागलंय बघा." पुरुष खाली मान घालायचे. मग अक्का त्यांच्यावरच घसरायच्या, "तुमास्नी काय झालं लाजाय? तुमी मुतत न्हाय व्हय?"

मी म्हणायचो, "अक्का, सगळ्या गोळ्या संपवायच्या असतात. मधेच सोडायच्या नसतात."

"दोन दिसांत थांबतंय की! बरं वाटल्यावर कशाला गिळायच्या? उरल्या तर दुसऱ्या कुणाच्या कामाला येत्यात."

मी कात्री उचलायचो आणि चार गोळ्या कापून द्यायचो. डॉक्टरची चिठ्ठी कधी मागितली नाही. मागितली तर बाई शेजारच्या दुकानात जाईल, असं स्वतःला सांगायचो. आम्ही सगळेच दुकानदार स्वतःला हेच सांगतो.

मुलीच्या लग्नाचे पैंजण करायला टाकले होते, ते आणायला एकदा हुपरीला गेलो. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा बायका मांडी घालून बसलेल्या. अक्का प्रत्येक कडी दोन्ही हातांनी ताणून बघत होत्या. तयार झालेला एक पैंजण त्यांनी माझ्यादेखत बाजूला फेकला.

"ह्यो जोड कच्चा हाय. पोरीच्या पायातनं तुटून पडला तर शिव्या मला बसतील."

खोलीत पाण्याची घागर कुठं दिसेना. विचारलं, तर अक्का हसल्या. "पाणी पिलं की जायाला लागतंय. संडास मालकाच्या घरात, अन् दाराला आतनं कडी. सकाळी घरातनं पिऊन यायचं, ते सांजंला घरी गेल्यावरच."

माझं टाळकंच सरकलं. पण मालक समोर आला, त्यानं चहा मागवला आणि मी गोड बोलून चहा प्यालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निघणार तेवढ्यात एक बाई अक्कांच्या कानाशी लागली. अक्कांनी घुंगरांचा पत्र्याचा डबा उघडला. आत घुंगरं नव्हती, उरलेल्या गोळ्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी त्या बाईच्या हातावर ठेवल्या, प्रसाद द्यावा तशा. मग मात्र मी भडकलो.

"अक्का, हे काय चाललंय? कच्चा जोड फेकून देता आणि औषध कच्चं सोडता? अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत. जे उरतात ते त्या औषधाला पुरून उरतात. मग एक दिवस कुठलीच गोळी चालत नाही!"

सगळ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. अक्कांनी शांतपणे माझ्याकडं बघितलं.

"मग तुमी चार कापून कशाला देतायसा?"

मी पैंजणांची पुडी उचलली आणि एसटी गाठली. आणि लाज बघा, पुढच्या आठवड्यात त्यांनी चार मागितल्या आणि मी चार दिल्या.

यंदा एक दिवस अक्का आल्या नाहीत, त्यांचा मुलगा आला. आईला थंडी वाजून ताप आला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. लघवीच्या तपासणीचा कागद त्यानं माझ्यापुढं धरला. डाव्या बाजूला औषधांची नावं आणि जवळपास प्रत्येकासमोर आर. आर म्हणजे हे औषध या जंतूवर चालत नाही. त्यातली प्रत्येक गोळी माझ्या फळीवर होती. फक्त शेवटच्या दोन इंजेक्शनांचा उपयोग होता. ती सुरू होईपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी अक्का गेल्या. लघवीच्या जळजळीनं गेल्या हो! या काळात, कोल्हापुरासारख्या शहरात, दवाखान्यात!

मला अक्कांचा राग आला. दाराला आतून कडी घालणाऱ्या त्या मालकाचा आला. मग माझी नजर दोरीला टांगलेल्या कात्रीवर गेली.

पंधरा दिवसांनी त्यांची सून आली आणि घुंगरांचा डबा तिनं काउंटरवर ठेवला. "आत्याबाईंनी दवाखान्यात सांगितलं होतं. त्या पावण्याकडं नेऊन दे, बायकांच्या हाताला लागाय नकोत."

डब्यात पाकिटांचे तुकडे होते. प्रत्येकाची एक कड तिरकी कापलेली. माझी कात्री ढिली आहे, ती अशीच तिरकी कापते.

सून अजून उभी होती, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यानं त्याच जळजळीच्या गोळ्यांचा एक तुकडा डब्याशेजारी ठेवला. "चार द्या."

"चिठ्ठी आणा. आधी लघवी तपासून घ्या," मी ओरडलोच.

"डोकं फिरलंय व्हय तुमचं?" म्हणत तो शेजारच्या दुकानात गेला. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज आला.