राजाचा झेंडा आणि मबरूकाची बाभूळ

त्या सकाळी उत्तरेचा वारा असा सुटला होता की दातांत वाळू आणि डोळ्यांत पाणी. आम उकाशा, म्हणजे आमचा उकाशाकाका, गाडीवर पाण्याची पिंपं चढवून दोर आवळत होता आणि वाऱ्याला शिव्या देत होता. खरं तर वाऱ्याचं नुसतं निमित्त होतं. शिव्या होत्या त्या गाडीपलीकडे फोटो काढत उभ्या असलेल्या नव्या राजाला.

शलातीन गावच्या आम्हा अबाब्दा जमातवाल्यांत बीर तवीलची वाट उकाशाइतकी कुणाला पाठ नाही. उंटांमागं त्याचा जन्म सुखात गेला असता, पण गोऱ्या लोकांना मध्येच एक खूळ लागलं. इजिप्त आणि सुदान यांच्यामधला हा तुकडा कुठल्याच देशाचा नाही, हे त्यांना कुठूनतरी कळलं. दोन्ही सरकारांना समुद्राकाठचं हलायब पाहिजे. आणि ज्या नकाशात हलायब आपलं, नेमक्या त्याच नकाशात बीर तवील शेजाऱ्याचं. म्हणून दोघंही ‘ते तुमचं, तुम्हीच ठेवा’ म्हणून हात झटकतात. मग गोरा येतो, झेंडा रोवतो, स्वतःला राजा म्हणवतो, पोट बिघडवून घेतो आणि घरी जातो. एकानं तर उकाशाला गृहमंत्री केलं होतं. “मंत्री केलं, पण चाक रुतलं तेव्हा धक्का मारायला उतरला नाही मेला,” असं उकाशा अजून म्हणतो.

हा नवा राजा हेनिंग. मोडकंतोडकं अरबी बोलायचा आणि वाटभर बोलायचा.

“आम उकाशा, पिरॅमिड इजिप्तपेक्षा सुदानात जास्त आहेत, ठाऊक आहे?”

“असतील. शेळीला पाला देतात का ते?”

“आणि लेसोथो नावाचा अख्खा देश दुसऱ्या देशाच्या पोटात आहे.”

“मग सुईणीला बोलवा. मला काय सांगता?”

“इथिओपियात वर्षाला तेरा महिने असतात.”

“तिकडंच व्हा की राजे. महिनाभर राज्य जास्त टिकेल.”

त्याच्या हाताखाली काम करणारा मी मागं पिंपांना टेकून बसलो होतो; मी हसलो, तर आरशातून उकाशानं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथंच सुकलं.

वादीत, त्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात, पोचलो तेव्हा कळलं, झेंड्याची काठी वाटेत कुठंतरी पडली. राजा रडकुंडीला आला. मग त्याला एक निष्पर्ण बाभूळ दिसली, सरळ फांदीची.

आमच्यात ओलं झाड तोडत नाहीत. वाळकं खुशाल तोडावं. पण दुष्काळात बाभूळ मेल्याचं सोंग घेते, म्हणून आधी सालीला नख लावून बघायचं, हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळतं. उकाशाचे कान किटले होते. त्यानं गाडीतूनच मान वळवली. “वाळलीय. घ्या आणि उरका एकदाचं.”

राजानं फांदी तोडली, झेंडा बांधला. तो भाषणासाठी घसा साफ करतोय तोवर टेकाडाआडून शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागं मबरूका आली. ही उकाशाच्या चुलत्याची विधवा सून. ती आधी झाडापाशी गेली. तुटल्या जागी नख ओढलं, आणि बोट उकाशापुढं धरलं. नखाखाली हिरवं होतं.

“बाई, हा प्रदेश कुणाचाच नाही,” हेनिंग समजुतीनं म्हणाला. “मी वाचलंय.”

“देश नसेल कुणाचा. बाभूळ माझ्या बापानं मला दिलीय. उन्हाळ्यात माझ्या शेळ्या हिच्या शेंगांवर जगतात. ह्याला कुणी आणलं, उकाशा?”

आमच्यात रिवाजच असा: पाहुण्याचा गुन्हा आणणाऱ्याच्या माथी, आणि ज्याच्या नावावर ओलं झाड लागलं त्याच्याबरोबर कुणी कॉफीला बसत नाही, वाट दाखवायला तर त्याला कुणीच नेत नाही. उकाशाजवळ वाटेशिवाय दुसरं होतं काय?

विहिरीपाशी आमचे तंटे सोडवणाऱ्या शेख फदलल्लाहचा तळ होता. त्याला बोलावलं. आल्याआल्या त्यानं कॉफी मांडली, कारण भांडण कितीही मोठं असलं तरी आधी कॉफी. सुंठ कुटली, पेले फिरले. हेनिंगनं मध्येच तोंड घातलं. तो राजा असल्यामुळं त्याला शिक्षा करता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

“बरं झालं सांगितलंत,” शेख म्हणाला. “राजा असाल तर ही तुमची रयत. रयतेचं झाड तोडणाऱ्या राजाला आमच्यात दुप्पट दंड.”

दुसरा पेला यायच्या आत हेनिंगनं राज्य सोडलं.

“आता उरलास तू,” शेख उकाशाकडे वळला. “ह्या गोऱ्या खवाजानं तोडलं असं म्हणशील?”

ते म्हणणं सोपं होतं. उकाशानं पेला खाली ठेवला. “त्यानं काय तोडायचं? त्याला बाभूळ आणि खांब सारखाच. वाळलीय असं मी म्हणालो. उतरलो नाही, नख लावलं नाही. वैताग आला होता, बस.”

 मग शेखानं ठरवलं: कोंब फुटेपर्यंत झाडाला पाणी उकाशाचं, आणि तोवर त्याच्या गाडीत कुणी वाटसरू बसायचा नाही.

“आणि कोंब फुटला तरी राजे आणायचे नाहीत,” मबरूका म्हणाली.

“अगं, ते तर मी फुकट करीन.”

एक पिंप तिथंच बुंध्याशी ओतलं. माजी राजानं आळ्यासाठी दगड वाहिले, हाताला फोड येईपर्यंत. झेंडा मबरूकानं मागून घेतला. करडं सारखी लुचतात म्हणून शेळीच्या सडांना बांधायला तिला घट्ट कापड हवंच होतं.

तेव्हापासून उकाशा पाणी घेऊन रिकाम्या गाडीनं जायचा, आणि वाटभर त्या वाळवंटाला एकट्यानंच शिव्या घालायचा. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मबरूकाचा निरोप आला: मसुराएवढे कोंब दिसतायत, शेखानं स्वतः पाहिलेत. दुसऱ्या दिवशी शेखाच्या तळावर उकाशाला कॉफीचा पेला मिळाला. रिवाजाप्रमाणं तिन्ही वेळा.

घरी आला तर दारात एक गोरा बाप्या उभा. पाठीवर लांब पिशवी, पिशवीतून काठीचं टोक बाहेर.

“बीर तवीलला नेता का? तुम्हीच नेता असं ऐकलं.”

“उंटवाल्यांना नेतो, सोनं शोधणाऱ्यांना नेतो. राजांना बंद.”

“पण का?”

 उकाशानं गाडीचं झाकण उघडलं, एअर फिल्टर काढला आणि चाकावर आपटून आपटून त्यातली वाळू झाडत बसला.